साडेनऊ तासांचा बल्ब

सोलापूर, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९७७

नव्या सेलवर बल्ब साडेनऊ तास चालला, असं माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या पुण्याच्या सरांना कळवून मी मोकळा झालो. त्यात नेहमीच्या काळ्या मँगनीज ऑक्साइडऐवजी नारिंगी व्हॅनेडियम ऑक्साइडची पूड घातली होती, आणि जुन्या सेलपेक्षा ती सरस ठरली म्हणून हुरळलोच. पत्र सात रस्ता चौकातल्या टपालपेटीत पडलंसुद्धा.

आज दुपारी चष्मा विसरला म्हणून जेवण अर्धवट टाकून प्रयोगशाळेत परतलो, तर पुन्हा तपासायला लावलेल्या नव्या सेलवरचा बल्ब बंद. आमचे शिपाई लक्ष्मणमामा शांतपणे म्हणाले, "तुमी जेवाया गेला की मी रोजच बंद करतो की सर, अन् तुमी यायच्या आत परत लावतो. हितं उजेडात बसायला कोण हाय?"

रोजच! म्हणजे साडेनऊ तासांतला तासभर सेल निवांत पडून होता. विश्रांती मिळाली की सेल पुन्हा तरतरीत होतो, हे मीच वर्गात शिकवतो. जुना सेल तपासला तो रविवारी, मामांच्या सुट्टीच्या दिवशी. मग जिंकली ती पूड, की मामांची काटकसर? चिडावं तरी कुणावर?

सरांना दुसरं पत्र लिहायला बसलोय. साडेनऊ हा आकडा खोडायचा, एवढंच लिहायचंय, पण दोन ओळींतच अडकलो. मघाशी व्हरांड्यातला दिवा उगीच जळताना दिसला. उठून बंद करून आलो.