चौथ्या वाफ्यातली वांगी

मु. चांदूर रेल्वे,
फाल्गुन वद्य पंचमी

श्री. खुशालराव यांना गोवर्धनचा रामराम. तुमचं गुडघ्याचं दुखणं मूर्तिजापूरच्या थंडीबरोबर गेलं असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुमची बहीण सत्यभामा कशी आहे ते मात्र रीत सोडून खरं कळवा.

दिवाळीत आमची लेक शालू तापाने गेली आणि आठ दिवसांत तुम्ही सत्यभामाला घेऊन गेलात. ‘दोघं एका घरात राहिले तं एकमेकांले पाहून दुप्पट रडतीन,’ असा तुमचा हिशेब होता. तुम्ही थोरले, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी मान हलवली.

तर वांग्यांकडे वळतो. (दुसऱ्या कशाकडे वळलो की कागद ओला होतो.) त्याच सुमारास शेतकी खात्याचे एक साहेब अकोल्याहून आले आणि माझ्या मळ्यात वांग्याचे चार वाफे आखून गेले. पहिल्याला नेहमीचंच पाणी, खत काही नाही. दुसऱ्याला खत म्हणून भुईमुगाच्या पेंडीची ढेप, पण पाणी नेहमीचंच. तिसऱ्याला नुसतं जास्तीचं पाणी. चौथ्याला ढेप आणि जास्तीचं पाणी, दोन्ही. आमच्या माणिकबाई मावशीला (पंगतीत कोणी रिकाम्या पानावर बसलेलं तिला बघवत नाही, हे तुम्ही जाणताच) पहिल्या वाफ्याची दया आली. माझी पाठ वळली की ती त्याला चोरून हंडाभर पाणी घाली. ‘त्या बिचाऱ्यानं काय पाप केलं? तिघाइले वाढायचं अन् याले उपाशी ठेवायचं?’ हे कळलं तेव्हा साहेब विहिरीच्या काठावर डोकं धरून बसले. पुढच्या हंगामात त्यालाही भरपूर देऊ, असं कबूल केल्यावर मावशीने हंडा खाली ठेवला.

त्यापुढचा शहाणपणा माझा. ढेपेच्या वाफ्यात पानं करपली, वांगी पहिल्या वाफ्याएवढीच. जास्तीच्या पाण्याने झाडं पिवळी पडली, वांगी तेवढीच. म्हटलं, ढेप फुकट, पाणी फुकट, दोन फुकटांची बेरीज काय येणार? म्हणून चौथ्याला दोन्हींतलं काहीच दिलं नाही. (ढेप म्हशीने खाल्ली. तिची तब्येत उत्तम आहे.) साहेब रागावले. म्हणाले, ढेप एकटी काय करते आणि पाणी एकटं काय करतं, यावरून दोघं मिळून काय करतील ते सांगता येत नाही. दुसरं सोबत असलं की पहिल्याचा गुणच बदलतो, आणि तो वाफा लावल्याशिवाय कळत नाही. मग मुकाट्याने दिलं. आज चौथ्या वाफ्यातल्या फांद्या वांग्यांच्या भाराने जमिनीला टेकल्या आहेत. पाण्यावाचून ढेप जाळत होती आणि ढेपेवाचून पाणी नुसतंच मुरत होतं.

खुशालराव, ती माझ्यावाचून कशी आहे ते तुम्ही रोज पाहता. मी तिच्यावाचून कसा आहे ते मावशी पाहते. माझ्या पुढ्यातली भाकरी तशीच उचलून ती म्हशीला घालते. (म्हणूनही म्हशीची तब्येत उत्तम.) पण एवढ्यावरून आम्ही दोघं एकत्र कसे राहू, हे तुम्हाला कसं कळलं? दुप्पट रडूही. निम्मं रडूही. तो वाफा तुम्ही लावूच दिला नाहीत.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला. वहिनींना नमस्कार.

आपला,
गोवर्धन

ता. क. सोबत वांग्यांची टोपली पाठवतो आहे. सगळी चौथ्या वाफ्यातली आहेत. भरीत सत्यभामालाच करू द्या.

पुन्हा ता. क. ‘तिला परत पाठवा’ असं सरळ लिहायला हात धजेना, म्हणून वांग्यांचं पुराण लावलं. शालू गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. ती बायकांत बसली, मी पुरुषांत. आम्ही दोघं एकमेकांजवळ बसून अजून रडलोच नाही. शनिवारच्या गाडीने येतो. तिला आधी सांगू नका, नाहीतर ती डोळे पुसून बसेल.