पाच गुणांचा प्रश्न

॥ श्री ॥
तेलगाव,
ता. ४ डिसेंबर १९८६

कारभाऱ्यांस सारजाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत. विहिरीनं तळ दाखवला. टँकर दिवसाआड येतो, आणि आत्याबाई दुखऱ्या गुडघ्यानं घागरी घेऊन नंबरात बसतात. मला बसू देत नाहीत. तू पुस्तक धर म्हणतात. तोंडानं कुरकुर चालू असते, पण उठून जातात त्याच.

यंदा बायको संगं नाही म्हणून तुम्ही अर्ध्या कोयत्यावर गेलात, मुकादमाची बोलणी खाताय, ते माझ्या दहावीपायी. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. पास झाले तर अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करता येईल, मग मला पुन्हा उसाच्या फडात उतरावं लागणार नाही. हे ध्यानात ठेवून वाचते. गणित जमतंय. मराठीत मात्र एका ठिकाणी अडकलेय.

उत्तरेश्वर गुरुजींनी सरावाला एक उतारा दिला. एका डॉक्टरानं संशोधन केलं त्याचा. त्यानं खेड्यापाड्यांतल्या दोनशे गरोदर बाया निवडल्या. शंभर शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावर ओझं वाहणाऱ्या, शंभर हलकं काम करणाऱ्या. बाळंत झाल्या त्या दिवशी प्रत्येकीचं लेकरू तोलून वजन लिहून ठेवलं. ओझं वाहणाऱ्यांची लेकरं एकंदरीनं हलकी भरली. खाली प्रश्न आहेत. डॉक्टरांनी दोन गट का केले, हा एक. आणि शेवटचा पाच गुणांचा: ‘एका बाईवरून निष्कर्ष काढता येत नाही, या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.’

चार वेळा लिहायला बसले. प्रत्येक वेळी आपली लेक डोळ्यांपुढं येते. फडातच दिवस भरायच्या आधी झालेली, दोन दिवसांत गेलेली. नऊ वर्षं झाली. पेन पुढं सरकत नाही. तुमचं सातवीचं डोकं चालतंय का बघा आणि कळवा.

थंडी आहे, सकाळी कान बांधत जा. माया आहे तशीच ठेवावी.

आपली,
सारजा

॥ श्री ॥
कोप्यांची वस्ती, कृष्णाकाठ,
ता. २१ डिसेंबर १९८६

सौ. सारजास बिभीषणचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. लई शुद्ध लिवायला लागलीस, मला दोनदा वाचावं लागलं. इकडं पाटाला बारमाही पाणी हाय. हातपाय धुताना वाटतं, यातली एक घागर तरी तेलगावला धाडता आली असती.

दोन गटांचं उत्तर मला आलं. इथं सहकारी कारखान्याचा शेतकी साहेब हाय. त्यानं एका वावराचे दोन तुकडे केले. एकाला नवं खत, एकाला जुनंच. बियाणं तेच, पाणी तेच. मी इचारलं, सगळ्यालाच नवं कावून टाकलं न्हाई. तो म्हणला, मग फरक कशावरून कळंल. डॉक्टरानं बी तेच केलं आसंल. लिहून टाक.

दुसरा प्रश्न मला सुटत न्हाई. कावून ते आज लिहितो, तोंडानं मला कधी जमलं न्हाई. त्या दिवशी ट्रक भरायचा ऱ्हायलाता. तू कमरेवर हात ठिवून बांधावर बसलीवतीस. मी म्हणालो, शेवटची मोळी हाय, उचल. तू उचललीस, ट्रकाला लावलेल्या फळीवरून चढलीस. सांजच्याला तुझ्या पोटात दुखाय लागलं. मला तर एका बाईवरूनच सगळं कळलं, सारजा. दरसाल फडात आलो की पहिल्या दिवशी मला ती फळी दिसती.

आमच्या टोळीत गहिनीनाथची बायको भिवराबाई हाय, तिला सातवा लागलाय. ती मोळी घेऊन निघाली की मी दुसरीकडं बघतो.

आईला जप. माझ्यावर राग धरला तरी पत्र बंद करू नको.

तुझा,
बिभीषण

॥ श्री ॥
तेलगाव,
ता. ११ जानेवारी १९८७

कारभाऱ्यांस सारजाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आठ दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. राग आला होता, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षं एका ताटात जेवलो आणि तुम्ही हे एकटेच गिळत होतात, त्याचा राग.

मग संक्रांत तोंडावर आली म्हणून भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं ते असं. तुम्ही म्हणता, मोळीनं झालं. आत्याबाई म्हणतात, ग्रहणात मी वांगं चिरलं म्हणून झालं. मी आजवर धरून होते की माझंच अंग नासकं. लेक एक, आणि तिघांनी तीन निष्कर्ष काढले. डॉक्टर दोनशे बायांचं वजन मांडून सुद्धा जपून बोलतो. ओझं वाहणाऱ्या बाया पोटाला कमी खात होत्या, ते बी कारण असेल म्हणतो. आपण मात्र एकीवरून स्वतःला फाशी दिली.

मोळी जड होती, हे खरंच आहे. कुण्याच गरोदर बाईला ती उचलायला लागू नये. पण तुम्ही बोलला नसता तरी मी उचललीच असती, कारण सगळ्याजणी उचलत होत्या. तिच्या जाण्याला तेवढंच कारण होतं का, ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. कुणालाच कधी कळणार नाही. मी पाच गुणांसाठी हेच लिहिलं, आपलं नाव न घालता. गुरुजींनी साडेचार दिले. अर्धा शुद्धलेखनाचा कापला.

उतारा आत्याबाईंना वाचून दाखवला. मग म्हणाल्या, “ग्रहणाचं मला माझ्या सासूनं सांगितलंतं. माझे दोन गेले तवा.” त्यांचे दोन गेले होते, हे मला पहिल्यांदा कळलं. तुम्हाला माहीत होतं का?

भिवराबाईकडं बघत जा. दुसरीकडं बघू नका.

माया ठेवावी, मी ठेवलीच आहे.

आपली,
सारजा

॥ श्री ॥
कोप्यांची वस्ती,
ता. १२ मार्च १९८७

सौ. सारजास बिभीषणचे अ. उ. आ.

आईचं मला ठाऊक नव्हतं. आल्यावर तिच्यापाशी बसंन.

तुझं पत्र वाचून मी गहिनीनाथला गाठलं. भिवराबाईची मोळी आमी दोघं वाटून घेऊ म्हणालो. मुकादम भडकला, फळीवर हेलपाटे वाढतेत म्हणला. मी म्हणालो, ट्रक भरून मिळाल्याशी तुला काम. दोन महिने तिनं बसून नुस्तं उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधलं. परवा सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी हाय, पावणेतीन किलो. नर्सबाईनं काटा वाचला तवा मी गहिनीनाथच्या मागं दारात हुबा होतो. एकीवरून काय ठरत न्हाई, ते ध्यानात हाय. तरी दोघं बी रडलो.

तिला हातात घेतलं. घ्यावं का न्हाई, असं झालतं. घेतलं.

कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपायला महिना हाय. दिस मोजू नये म्हणतेत, मी मोजतो. तुझ्या हातची भाकर खाऊन पाच महिने झाले. पेपराला भिऊ नको.

तुझा,
बिभीषण

॥ श्री ॥
तेलगाव,
ता. २८ मार्च १९८७

कारभाऱ्यांस सारजाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पेपर संपले. वडवणीचं केंद्र होतं, एसटीत उभ्यानं गेले. वर्गात पोरी माझ्याहून निम्म्या वयाच्या, मला बाई समजून उठून उभ्या राहिल्या. मराठीत उतारा मधमाश्यांवर आला. आपल्या कामाचं त्यात काहीच नव्हतं, तरी सोपा गेला. निकाल जूनमध्ये.

लिहून झाल्यावर थोडा वेळ उरला. खिडकीतून लिंबाची सावली बाकावर आली होती. दोन दिवसांच्या लेकराचं बारसं कोण करतं म्हणून आपण तिला नावच दिलं नाही. नऊ वर्षं आपण दोघं नुसतं ‘ती’ म्हणतोय. मी कच्च्या कागदावर एक नाव लिहिलं. बराच वेळ बघत बसले. घंटा झाल्यावर कागद घडी करून घेऊन आले.

ते इथं लिहीत नाही. हे पत्र टोळीत चार जणांच्या हातून तुमच्याकडं येणार. या लवकर. आधी तुमच्या कानात सांगेन, मग आत्याबाईंना.

तुमची,
सारजा