पॅरिसचा ओला चौक आणि लोहाऱ्याचं घर

मी, श्रीमती पद्मजा बळीराम मुनेश्वर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार लोहारा, यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा भाचा मंदार याला तो पुरेसा वाटावा.

१. बैठकीतलं चित्र छापील आहे, बाजारात त्याला किंमत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच चित्रकारानं रंगवलेला पॅरिसचा ओलाचिंब चौक, आणि त्यात एका छत्रीखाली हातात हात अडकवून चाललेलं जोडपं. माझे पती कालकथित बळीराम यांनी ते सीताबर्डीवरून आणलं. तेव्हा आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, लग्न व्हायचं होतं. ते म्हणाले, "पाह्य पद्मा, या रस्त्यावर कोनी कोनाले आडनाव नाही विचारून राह्यलं."

माझ्या माहेरी मात्र पहिल्यांदा आडनावच विचारलं गेलं. आम्ही नोंदणी लग्न केलं आणि भर उन्हात एका छत्रीखाली दत्त चौकातून चालत गेलो. माझे बंधू श्रीकृष्ण समोरून येत होते. त्यांनी रस्ता बदलला.

हे चित्र गौरीला द्यावं.

२. गौरी ही मारेगावकडच्या चंदाबाईंची मुलगी. कापसाचे दोन हंगाम हातचे गेले, तेव्हा चंदाबाई तिची शाळा सोडवणार होत्या. मी जाऊन म्हटलं, "माझ्याकडं राहू द्या." त्या म्हणाल्या, "लोकाच्या घरी पोर कशी ठिवू बाई? तुमी कोन, आमी कोन." मी आडनाव न सांगता चहा मागितला. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः तिला घेऊन आल्या.

गौरी आज नर्सिंगला आहे. तिच्यामागून आणखी तीन मुली आल्या. हे घर आम्हा दोघांच्या पगारातून बांधलेलं, माझ्या नावावरचं आहे; आम्हाला मूल नाही. माझ्यानंतर ते कापूसपट्ट्यातल्या शिकणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठीच असावं. विकू नये, गहाण टाकू नये. व्यवस्था पतीची पुतणी ॲड. मैत्रेयी पाहील.

३. श्रीकृष्णांच्या मुलानं, मंदारनं, फोनवर विचारलं होतं, "आत्या, रक्ताचं माणूस असतानी परक्या पोरी कायले?" रक्ताचं माणूस अठ्ठावीस वर्षं या दारात आलं नाही, एवढंच उत्तर. तरी माहेरचं चांदीचं तबक आणि माझे सगळे रंग त्याच्या मुलीला, केतकीला द्यावेत. तीच एक घरी न विचारता दर रविवारी माझ्याकडं चित्र काढायला येते. तिला कोणी अडवू नये.

४. माझे डोळे दान करावेत. तेरवी नको. मी परीक्षेच्या दिवसांत गेले, तर मुलींना आधी पेपरला पाठवावं. रडायला संध्याकाळ मोकळी असते.

सही: पद्मजा मुनेश्वर

लेखिकेनं आमच्यासमोर वाचून सही केली. आम्ही तिच्यासमोर केली.
साक्षीदार: नागोराव ठमके, शेजारी
शकुबाई राऊत, निवृत्त मुख्याध्यापिका

लोहारा, यवतमाळ
२० नोव्हेंबर २००६