ओल्या फडक्याखाली थोरले

३ मार्च
मिळालं! थोरल्यांचा पुतळा मीच करायचा! समितीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत. नवऱ्यानं फोन कानाला धरला. ज्यांनी देश उभा केला ते आता आमच्या मागच्या शेडमध्ये उभे राहणार!
पण मामंजी? डोंगराकडच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायची शाळा बंद करायला नकार दिला, म्हणून याच थोरल्यांच्या राजवटीत ते तीन वर्षं तुरुंगात होते. सांगायचं कसं?

४ मार्च
सांगितलं. शांतपणे जेवण संपवलं, ताट उचललं, म्हणाले, "कर. काम आहे ते. मी लेकीकडे जाऊन राहतो." आदळआपट केली असती तर बरं झालं असतं!
नवरा म्हणतो, चार दिवसांत येतील परत. मला नाही वाटत. एकदा गेले की गेलेच ते. मी हातापाया पडले तेव्हा थांबले, पण म्हणाले, "त्याचं तोंड मला दिसता कामा नये."

१२ मार्च
माझी आई आली. चहासुद्धा न घेता थेट शेडमध्ये, आणि मातीच्या पायांना नमस्कार!
"हे नसते तर मी शाळेची पायरी चढले नसते. कोण होतो गं आपण? नदीकडचे, डोंगराकडचे, एकमेकांना मुली न देणारे. यांनी एक केलं."
मागून, दाराबाहेरूनच, मामंजी: "एक केलं, की एकसारखं केलं?"
मग दोघं चहाला बसले आणि गुडघेदुखीवर त्यांचं झकास एकमत झालं.
दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत. समितीला हसरा चेहरा हवाय. मला कळत नाहीये.

१७ मार्च
नाक जमलं. आज मी खूश!

२२ मार्च
मावसबहिणीच्या लग्नाला मला आणि नवऱ्याला, दोघांनाही जायलाच हवं. ऊन कडक आहे. फडकी सारखी ओली ठेवली नाहीत तर मातीला तडे जातील, सगळं मुसळ केरात. शेजारीण करते म्हणाली. निर्धास्त निघाले.

२३ मार्च
लग्नघरी शेजारणीचा फोन — ती दवाखान्यात, पाय मुरगळलाय! घरी फक्त मामंजी. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? नाहीच सांगितलं. जेवण गोड लागलं नाही.

२४ मार्च
धावतच शेडमध्ये गेले. फडकी ओलीचिंब! बादली तिथंच, तांब्याही तिथंच. एकही तडा नाही.
मामंजी पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "माती भिजवली. त्याला नाही."
हसू आवरेना. रडूही आलं. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

२५ मार्च
मामंजी आपणहून शेडमध्ये आले. म्हणाले, "काढ फडकं." चेहरा बराच वेळ पाहिला.
"डोळ्यांखाली सूज दे थोडी."
फोटोत कुठंच नाही, म्हटलं.
"फोटोत कशी असेल? कोठडीत आला होता एकदा, एकटाच. माझा हात धरून रडला. म्हणाला, शाळा चांगली होती तुमची. — मग गेला, आणि मला आणखी दोन वर्षं आत ठेवलं."
सूज दिली. मामंजी अजून तिथंच बसलेत.