माणसाळला

गुरुजी,

खडू करकरल्याचा तो आवाज अजून कानात आहे. महाराष्ट्र नुकताच झालेला. संग्रामपूरकडच्या आपल्या शाळेला मागची भिंत नव्हती, आणि तुम्ही कविता अर्धी सोडून फळ्यावर एकच शब्द लिहिलात: माणसाळला. मागे कडुनिंबाखाली भरदुपारी एक कोल्हा येऊन उभा होता. आमचा गलका ऐकूनही तो हलेना. तुम्ही म्हणालात, "कवितेनं जनावरही माणसाळतं, पाहा. करा या शब्दाचा वाक्यात उपयोग." मागून एक जण बोलला, "कोल्हा माणसाळला, पण माहा बाप अजून नाही माणसाळला, गुरुजी." तुम्हीच सगळ्यांत जास्त हसलात.

मग डब्यातली भाकरी घेऊन तुम्ही निघता. कुंपणाच्या बोरीनं सकाळीच खरचटलेला उजवा हात पुढे करता. कोल्ह्याला घास गिळवत नाही, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय. आम्हाला वाटतं, बिचारा किती भुकेला. तो तुमचा हात चाटतो. पाणी भरून परतणारी एक बाई डोक्यावरची घागर सावरत लांबूनच नमस्कार करते, "देवाचा कोल्हा हाय."

तिन्हीसांजेला तो विहिरीपाशी मरून पडला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, बुलढाण्याले जा, सुया टोचून घ्या."

"काऊन? चावला थोडीच, चाटलं त्यानं," तुम्ही त्यांच्याच बोलीत उत्तर दिलंत, आणि वर्ग पुन्हा हसला.

पुढच्या महिन्यात कविता म्हणता म्हणता तुम्ही पाणी मागितलंत. पेला ओठांपाशी नेलात आणि भिंतीवर भिरकावलात. घसा आवळला होता, डोळ्यांत भलतंच भय होतं. ती ओळ तशीच राहिली. आठवड्याच्या आत तुम्ही गेलात.

इतकी वर्षं झाली, माझा संताप काही निवत नाही. रानातल्या जनावराची अक्कल म्हणजे त्याची भीती. पायरव ऐकला की पळायचं, माणसाचा वास आला की वाट बदलायची, एवढ्यावर तर ते जगतं. पिसाळण्याचा रोग त्याच्या मेंदूत शिरला, ते सगळं शहाणपण पुसून गेला, आणि त्या रिकाम्या डोक्याच्या जिवाला तुम्ही कवितेचा रसिक ठरवलंत. दवाखाना होता, एसटी होती, टोचायला सुया होत्या. आडवा आला तो एक गोड शब्द. आणि गाव? गाव अजून कौतुकानं सांगतं, आमच्या गुरुजींच्या हातून कोल्हा जेवायचा. पेल्याचा विषय कोणी काढत नाही. तुमच्या फोटोला हार घालताना मी एकदा ते बोललो, तर म्हणे, चांगल्या दिवशी असं अभद्र काय बोलता.

हे पत्र टाकायला पेटी कुठली. पण एक कबूल करतो, गुरुजी. एवढं होऊनही तो शब्द मला अजून सुंदर वाटतो, आणि त्याचाच जास्त राग येतो.

दारात कोणीतरी आहे. शाळेतल्या नव्या बाई, कधी इकडे न फिरकणाऱ्या, धापा टाकत हसताहेत. "काका, चला ना पाहाले. शाळेमागं कोल्हा आला. पोरं बिस्किटं घेऊन चालले त्याच्याकडं, तरी हलत नाही. इतका माणसाळला हाय."