तळघरातल्या सर्व्हरवर तुझं खातं

नामसोस, ९ मार्च

प्रिय एर्लेन,

कसा आहेस? इकडे बर्फ अजून हललेला नाही. माझा गुडघा बरा आहे. गाडीची बॅटरी बदलून घेतली. सहा महिन्यांनी पत्र लिहिलं ते बॅटरीसाठी का, असं म्हणशील. नाही. रविवारबद्दल लिहायचंय.

तळघरात फ्रीझरशेजारी आपण दोघांनी बसवलेला सर्व्हर अजून चालू आहे. तू बोडोला गेल्यावर त्याची राखण मी एकटीच शिकले. दर आठवड्याला अपडेट घालते. पासवर्डनं आत यायची सोय बंद केली; आता ज्याच्या संगणकात किल्लीची फाइल आहे, तोच येऊ शकतो. दिवसाला हजारो अनोळखी यंत्रं बाहेरून दार खडखडवून जातात. त्यांची नोंद मी रोज सकाळी कॉफी पिताना वाचते. ग्रानली बालगृहातल्या हकिकती अकरा जणांनी आपल्या भरवशावर या सर्व्हरवरच्या साइटसाठी लिहून दिल्यात. साइटवर नुसते क्रमांक, खरी नावं कुलूपबंद फाइलमध्ये. त्यातल्या काहींनी स्वतःच्या मुलांनाही सांगितलेलं नाही.

रविवारी साडेदहाला नोंदीत एक ओळ वेगळी दिसली. कुणीतरी आत आलं होतं आणि अजून आतच होतं. खातं तुझं होतं.

तुझी किल्ली चोरीला गेली असं वाटलं. एक आज्ञा दिली असती तर जोडणी तुटली असती. मग जोडणी कुठून आली तो पत्ता पाहिला. बोडोकडचा. बोडोत माझं दुसरं कोण आहे? मी नुसती बघत बसले.

तू सरळ नऊ क्रमांकाच्या पानावर गेलास. आपलं भांडण त्याच पानावरून झालं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना ग्रानलीची मुख्य बाई कोळशाच्या खोलीत कोंडायची, असं तिथं लिहिलंय. ती बाई म्हणजे आपली आई. “खोटं आहे, काढून टाक,” असं तू म्हणाला होतास. कुणी लिहिलं ते विचारलंस, तर शब्द दिलाय असं सांगून मी टाळलं.

मग तू नावांची फाइल उघडलीस; तिचं कुलूप आपण दोघांनीच घातलं होतं. पुढची बावीस मिनिटं काहीच हललं नाही. तू पान पुसशील याची भीती नव्हती. त्याची प्रत दुसरीकडे ठेवलेली आहे. भीती होती ती तू नाव वाचशील याची. नंतर तू बाहेर पडलास. कशालाही हात लावला नव्हतास. मी ओळन्‌ओळ ताडून पाहिली.

तर ते मी लिहिलं, एर्लेन. तेव्हा मी आठ वर्षांची होते, तू पाळण्यात. आणि जे लिहिलं नाही तेही सांगते. त्या दाराची कडी मी लावायचे. आईची पाठ दुखायची, म्हणून ती मला पाठवायची.

सोमवारी त्या अकरा जणांतल्या गेर्डला फोन केला. ती तेव्हा सहा वर्षांची होती, त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा तीच गेली. कुणीतरी नावं वाचली, आणि तो माझा भाऊ आहे, असं मी तिला सांगितलं.

“त्याचं खातं बंद केलं नव्हतंस?”

“नाही.”

“का?”

“तो कधीतरी येईल म्हणून. आमच्या भांडणापायी तुम्हा सगळ्यांना धोक्यात ठेवलं मी.” मग कडीचंही सांगितलं.

 ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. दाराखालच्या फटीतून तुझे बूट दिसायचे. तू ते कधी लिहितेस याची वाट बघत होते.”

ती रागावली नाही, आणि तिनं माफही केलं नाही. बाकीच्यांना मी एकेक करून फोन केले. दोघांनी आपली पानं काढायला सांगितली, ती काढली. आज तुझं खातं बंद केलं. ते तू गेलास तेव्हाच करायला हवं होतं. नऊ क्रमांकाच्या पानात कडीची हकिकत घातली आणि वर माझं पूर्ण नाव लिहिलं. ते पान राहणार. तू रागावलास तरी.

आई माझी वेणी फार हळू घालायची. एकही केस ओढला जायचा नाही. हेही खरंच होतं, आणि ते तुझ्याशिवाय कुणापाशी बोलू? फोन कर. शिव्या घालायच्या असल्या तरी कर.

आईचीच लेक,
तुझी ताई
तोरुन