नवरदेवाच्या जागी सही

तीर्थस्वरूप व्यंकटमामा यांस,

भाचा महारुद्र याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? मामींची शुगर कशी आहे? आमच्याकडे सगळे ठणठणीत, फक्त आई चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण उलटसुलट तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहितो (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही).

दुसऱ्याचं चित्र उचलून नव्या जागी मांडायचं, ही माझी कला तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही तिला चोरी म्हणता, पुण्यात तिला टाळ्या पडतात). यंदा मी बोरीतली लग्नघराची भिंत उचलली. दत्तराव पेंटरांनी रंगवलेली: गणपती, दोन भालदार, केळीचे खुंट आणि खाली शिवकन्या व आदिनाथ ही नवरानवरीची नावं. सगळं जसंच्या तसं कॅनव्हासवर घेतलं. फक्त सहीला जागा उरेना, म्हणून आदिनाथ पुसला आणि तिथं ठसठशीत महारुद्र लिहिलं. कलेच्या दृष्टीनं हे फार खोल होतं, मामा. पण पेपरात माझ्या चित्राचा फोटो आला आणि तो झरीत राजेश्रीच्या वडिलांनी पाहिला. तुम्ही एवढ्या खटपटीनं जमवलेल्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यात कला दिसली नाही, लग्नपत्रिका दिसली. आदिनाथचे चुलते तर जीप घेऊनच आले (मी शेजाऱ्यांच्या न्हाणीत होतो). मग दत्तराव आले. वाटलं, आता हे भांडणार. त्यांनी चष्मा लावून फोटो न्याहाळला आणि म्हणाले, "बाकी ठीक हाय, पण माझ्या भालदाराची मिशी कुठं गेली रे? लय मेहनतीची व्हती."

मला राजेश्री मनापासून आवडते, मामा. ही सोयरीक मोडली तर मी कोलमडेन. तुम्ही झरीला जाऊन माझी बाजू मांडा. मुलगा इमानदार कलावंत आहे, एवढं सांगा.

तुमचा,
महारुद्र

ता.क. झरीला जाऊ नका. पत्र टाकायचं राहिलं आणि काल मीच जाऊन आलो. सोबत आलेल्या दत्तरावांनी खऱ्या भिंतीचा फोटो दाखवला, तिथं आदिनाथच आहे हे पाहून वडील निवळले. राजेश्रीची मात्र अट आहे: "माझं चित्र तुमी माझ्याकडं बघून काढा. दुसऱ्या कुणाचं बघून न्हाई. मंग हो म्हणते." दोन तास ती समोर बसली. माझ्याच्यानं नाकसुद्धा उतरलं नाही.

ता.क. दुसरा: स्थळ सांगून आलं तेव्हा तुम्ही तिचे फोटो आणले होते, त्यातला एक लगेच पाठवा. तासाभरात उतरवून घेतो. तिला कळू देऊ नका. आणि हसतानाचा असेल तर तोच द्या. माझ्यासमोर ती अजून एकदाही हसलेली नाही.